पारदर्शक छताचा मांडव: पाचपैकी साडेतीन तारे

पुतणीचं लग्न घरच्या अंगणात, तेही ऐन उन्हाळ्यात करायचं ठरलं. मांडवाचं काम ज्यांना दिलं होतं, त्यांच्याबद्दल लिहितेय. माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली, त्यामुळे फुलांपेक्षा वायरींकडेच माझं लक्ष जास्त होतं. सांभाळून घ्या.

त्यांचा कॅटलॉग देखणा. त्यातला पारदर्शक छताचा मांडव पुतणीला बघताक्षणी आवडला. "आत्या, वर चांदण्या दिसतील!" लग्न साडेपाचला आणि चांदण्या आठनंतर, हे मी बोलले नाही. लग्नघरात काही गोष्टी गिळाव्या लागतात.

हिशेब मात्र मांडला. पाहुणे १२०. बसून जेवायचं, म्हणून माणशी दीड चौरस मीटर धरून १० बाय १८ मीटरचा मांडव. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे सगळे मिळून १२ किलोवॅट. पण स्वच्छ आकाशात ऊन डोक्यावर असतं तेव्हा चौरस मीटरमागे जवळजवळ १००० वॅट पडतात. त्या छतावर १८० किलोवॅट! दुपार कलली की आकडा बराच उतरतो, तरी पाहुण्यांच्या उष्णतेच्या कितीतरी पट राहतो. शिवाय पारदर्शक प्लॅस्टिक ऊन आत घेतं आणि तापलेली हवा आतच कोंडून ठेवतं. रोपवाटिकेतल्या काचघरात हेच मुद्दाम करतात.

मंडपवाले म्हणाले, "ताई, कूलर लावू की." मी एकच अट घातली: मांडव आदल्या दिवशी दुपारीच उभा राहिला पाहिजे. त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं, हा त्यांचा पहिला तारा. दुसऱ्या दिवशीच्या तयारीतून माणसं काढून ती आमच्याकडे पाठवणं सोपं नव्हतं.

दुपारी तीनला वहिनी आणि मी आत जाऊन बसलो. भिंतीवरचं थर्मामीटर सोबत नेलं होतं. बाहेर झाडाखाली ३७, आत ४६. स्टीलच्या टेबलाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग कूलर सुरू झाले आणि "गारवा राहावा" म्हणून पोरांनी चारही बाजूंचे पडदे सोडले. पंधरा मिनिटांत वहिनीच्या कपाळावरून पाण्याच्या धारा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, त्यावर कूलर चालतो. ती दमट हवा बाहेर गेली नाही, तर वाफ होणंच मंदावतं. समोरासमोरचे पडदे उघडायला लावले, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

मालक स्वतः आले, पाच मिनिटं आत बसले आणि उठताना म्हणाले, "छत बदलू." रात्री अकरापर्यंत पांढरं दुहेरी कापड चढलं, दोन थरांमध्ये आणि कडेला हवा खेळायला फट ठेवून. पुतणी थोडी हिरमुसली. लग्नाच्या वेळी पश्चिमेचा पडदा ओढलेला, पूर्वेची बाजू उघडी, आणि म्हातारी माणसंही शेवटपर्यंत बसून होती. फोटोतही चेहऱ्यांवर मऊ उजेड आलाय. पारदर्शक छताखाली निम्मे पाहुणे डोळे बारीक करून बसले असते.

जनरेटरवर मात्र बोलायलाच हवं. "३० चा आहे," म्हणून सांगितलं. हे ३० केव्हीए, म्हणजे जनरेटरची एकूण क्षमता. त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर; तो ०.८ धरला तर २४ किलोवॅट. त्यांच्या मुलानं लोड ३० किलोवॅट समजून जोडला होता. शिवाय मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे त्याच्या गावीही नव्हतं. शेवटी खानपानवाल्यांचा फ्रीजर घराच्या स्वतंत्र लाइनवर घेतला आणि कूलर एकेक करून चालू केले. हे मी नसते तर कुणी पाहिलं असतं? थंड पदार्थ बाहेर दोन तासांवर ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. फ्रीजर बंद पडला असता तर दुधाचे सगळे पदार्थ गेले असते.

उरलेलं थोडक्यात. फिरती स्वच्छतागृहं स्वच्छ. दिवे सुंदर, पिवळसर आणि डोळ्यांना न टोचणारे. माणसं वेळेवर, आवाज चढवत नाहीत.

अर्धा तारा गेला तो पाइपमुळे. मांडवाचा एक खुंटा थेट बागेच्या पाण्याच्या पाइपातून गेला. सकाळी सातला अंगणात कारंजं! जमिनीखाली काय आहे हे विचारणं त्यांचं काम होतं. सांगणं आमचं होतं, हे दादा म्हणतो. दुरुस्ती त्यांनीच केली, पण नवरीच्या वाटेवर चिखल झाला तो झालाच. बाकीचा एक तारा पारदर्शक छत उन्हाळ्यात खपवल्याचा.

फ्लोअर मात्र ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी उचलायचा, तो तिसऱ्या दिवशी उचलला. खाली हिरवळीचा १० बाय १८ चा पिवळा आयत. दादा रोज संध्याकाळी नळी घेऊन तिथे उभा असतो.