११ महिने वापरलेला रॅकवाला डिजिटल मिक्सर : मॉनिटरमधला एको आणि एक बटण

२३ दिवस सर्व्हिस सेंटरला पडून राहिलेला मिक्सर काल संध्याकाळी परत आला. हे २३ दिवस मी माळ्यावरचा जुना १६ चॅनलचा ॲनालॉग बोर्ड पुसून त्याच्यावरच प्रोग्रॅम केले, आणि त्या बोर्डवरचं इफेक्ट बंद करायचं बटण रोज बोटाखाली आलं तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. कंपनीचं नाव घालत नाही. असे रॅकमध्ये बसणारे, टॅबलेटवर चालणारे, १६ माईक, ६ ऑक्स (गाणाऱ्यापुढच्या स्पीकरला वेगळा आवाज पाठवायच्या वाटा) आणि ४ इफेक्टवाले मिक्सर आता बऱ्याच जणांचे मिळतात आणि मी जे लिहितोय ते जवळपास सगळ्यांना लागू पडतं. स्पेक सगळ्यांना माहितीच आहेत, ते परत सांगत बसत नाही.

आमचं काम मिरज-सांगलीकडचं. अभंग, भावगीत, नाट्यसंगीत, दिवाळी पहाट, गावोगावच्या सप्ताहातली भजनं. म्हणजे गायक मांडी घालून बसलेला, समोर शुअरचा एसएम५८ माईक, बाजूला पेटी, तबला, कधी पखवाज, टाळ, आणि जमिनीवर दोन-तीन मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेले स्पीकर. माझा सगळा अनुभव या बैठकीतला आहे, डीजे आणि बँडवाल्यांचं गणित वेगळं असेल.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचा नियम एकच होता, मॉनिटर कोरडा ठेवायचा. एको फक्त पब्लिकला, गायकाला नाही. कारण साधं आहे. मॉनिटरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, माईकमधून परत रिव्हर्बला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टला, जातो, रिव्हर्ब परत मॉनिटरमध्ये येतो, आणि प्रत्येक फेरीला थोडं थोडं वाढत जाऊन शेवटी शिट्टी वाजते. आणि शिट्टी वाजायच्या आधीच आवाज चिकट होतो, शब्दांच्या शेपट्या लांबतात, ते ऐकू येत असतं पण नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. त्यामुळे मी १४ वर्षं कुठल्याही गायकाने एको मागितला की "देतो ताई" म्हणून मेनमध्ये, म्हणजे पब्लिकच्या स्पीकरमध्ये, थोडा वाढवायचो. मॉनिटरला हात लावायचा नाही. तेच बरोबर वाटायचं.

ते मत मोडलं गेल्या दिवाळी पहाटला. उघडं मैदान, मागे नुसतं कापड, समोर खुर्च्या. सकाळी ६ च्या आधी स्पीकर वाजवता येत नाही म्हणून साऊंडचेक म्हणजे हळू आवाजात हॅलो हॅलो एवढाच. ताई गायला बसल्या, गळा अजून उघडला नव्हता, थंडी होती, आणि दुसऱ्याच गाण्याला त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, की माझं मलाच लागत नाहीये. मी मॉनिटर वाढवला. परत तेच. परत वाढवला. आता वाढवायला जागाच उरली नाही आणि त्या मात्र जोर लावून गायला लागल्या, तार षड्जाला आवाज फाटायला लागला. तेव्हा घाबरतच त्यांच्या ऑक्समध्ये प्लेट नावाच्या रिव्हर्बचं रिटर्न, म्हणजे इफेक्टमधून परत येणारा आवाज, थोडंसं सोडलं, बाकी काही नाही.

दोन ओळींत फरक पडला. खांदे खाली आले, ओळीच्या शेवटचा स्वर त्या धरून ठेवायला लागल्या, जागा निवांत घ्यायला लागल्या. मॉनिटरचा एकूण आवाज मी उलट खाली आणला तरी त्यांची तक्रार नाही. मी मेनच्या मागे उभा राहून ऐकत होतो आणि मला खरंच वाईट वाटलं, की इतकी वर्षं मी किती गळे विनाकारण दमवले.

नंतर विचार केला तर यात नवल काहीच नाही. गायक घरी रियाज करतो तिथे भिंती असतात, आवाज फिरून कानावर येतो. शिवाय स्वतःचा आवाज आपल्याला अर्धा हाडातून ऐकू येतो. मैदानात गेलेला आवाज परत येतच नाही. मॉनिटर समोर कोरडा वाजतो पण स्वर हवेत टिकल्यासारखा वाटत नाही आणि म्हणून माणूस ढकलायला लागतो. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात, जवारी लावणारा माणूस घोडी आणि तारेमधल्या सुताच्या दोऱ्यासाठी तासभर घालवतो, तो कशासाठी, तर गाणाऱ्याच्या मागे सूर अखंड राहावा म्हणून. मॉनिटरमधला रिव्हर्ब थोडंफार तेच काम करतो असं मला वाटतं, गाणाऱ्याला टेकायला जागा देतो.

मग मी उत्साहात पुढचे दोन महिने सगळ्यांनाच एको द्यायला लागलो, आणि एका देवळाच्या सभामंडपात तोंडावर पडलो. दगडी मंडप, वर घुमट, तिथे टाळी वाजवली तरी दोन सेकंद घुमते. बुवांच्या मॉनिटरमध्ये सवयीने रिव्हर्ब सोडला, वर टाळकऱ्यांसाठी दोन माईक जास्तीचे चालू. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डीबीने कमी होतो, हे माहीत असून मी विसरलो. दुसऱ्या अभंगाला सगळं घुमायला लागलं, पखवाजवाल्यांना ठेका ऐकू येईना, आणि बुवांनी गाणं थांबवून "बाळा, माझा आवाज मला नुसता दे" असं माईकवर सांगितलं. बरोबर होतं त्यांचं.

तर आता माझा हिशोब असा आहे. जागाच घुमत असेल तर मॉनिटर कोरडा, कुणी कितीही मागू दे. बंद नाट्यगृहात पडदे आणि खुर्च्या भरलेल्या असतील तर थोडा. उघड्या मैदानात, मंडपात, गच्चीवर, नक्की द्यायचा. आणि मेनचा रिव्हर्ब मॉनिटरला द्यायचा नाही, मॉनिटरसाठी दुसरं इफेक्ट इंजिन लावायचं. इथे हा मिक्सर खरंच सोनं आहे. मॉनिटरचा रिव्हर्ब मी प्लेट ठेवतो, १.२ सेकंदाच्या आसपास, प्री-डिले ३० ते ४० मिलिसेकंद म्हणजे शब्द आधी येतो आणि शेपूट मागून. रिटर्नवर ३०० हर्ट्झच्या खालचं कापलं, ५ किलोहर्ट्झच्या वरचंही, आणि जिथे त्या दिवशी शिट्टीची भीती असेल तिथे अजून एक खड्डा, म्हणजे तेवढाच स्वर कमी. नुसतं ऐकलं तर हा रिव्हर्ब भिकार वाटतो, डब्यातल्यासारखा. पण गायकाच्या कानाला तेवढाच पुरतो आणि माईकमध्ये परत शिरला तरी त्रास कमी देतो. डिले, म्हणजे शब्द थोड्या वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट, मात्र मॉनिटरला अजिबात नाही. गायक परत आलेल्या शब्दाच्या मागे जातो आणि तबल्याच्या मागे पडतो, एकदा बघितलंय, पुरे.

आता पोस्ट-फेडरचा घोळ. सुरुवातीला इफेक्टचा सेंड, म्हणजे इफेक्टला जाणारा आवाज, पोस्ट होता, फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या) नंतर घेतलेला, नेहमी असतो तसा. त्यामुळे मेनमध्ये मी फेडर खाली-वर केला की मॉनिटरमधला रिव्हर्ब पण खाली-वर, कोरडा आवाज मात्र प्री, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेला, म्हणून तिथल्या तिथे. गायकाला काहीतरी हलतंय एवढं कळायचं आणि तो अस्वस्थ व्हायचा. एका तरुण गायकाने मध्यंतरात येऊन विचारलं, "दादा, तुम्ही सारखं काय फिरवताय?" मी म्हटलं मॉनिटरला हातच लावला नाही. दोघंही खरं बोलत होतो. मॉनिटरच्या रिव्हर्बचा सेंड प्री केला आणि ते प्रकरण मिटलं.

पण प्री केल्यावर दुसरं उगवलं. मेनचा फेडर पूर्ण खाली असला तरी मॉनिटरचा रिव्हर्ब चालूच. दोन गाण्यांच्या मधे गायक तबल्याला "जरा चढव" म्हणतो, पाणी पितो, खोकतो, ते सगळं त्याला घुमून ऐकू येतं. निवेदन चालू असताना तर फारच वाईट. म्हणजे गाणं संपलं की मॉनिटरचा रिव्हर्ब बंद आणि सूर लागायच्या आधी चालू, हे दर गाण्याला करायचं, दोन तासांच्या कार्यक्रमात ३०-४० वेळा.

आणि त्यासाठी या मिक्सरवर एक साधं बटण नाही!

टॅबलेट उचला, त्याची स्क्रीन झोपली असेल तर उठवा, इफेक्टच्या पानावर या, म्यूट दाबा. म्यूट ग्रुप (एका दाबात बरंच काही बंद करायची सोय) केला, तरी टॅबलेट लागतोच. आणि मिक्सरचं अंगचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर, समोर ५०० लोक खिशात मोबाईल घेऊन बसलेले, कनेक्शन तुटतं ते नेमकं तेव्हाच. निवेदिका बोलतेय आणि तिच्या पुढ्यातला मॉनिटर गाभाऱ्यासारखा घुमतोय आणि माझ्या हातात गोल गोल फिरणारी स्क्रीन, ही वेळ माझ्यावर दोनदा आली. बाहेरचा राउटर लावून ५ गिगाहर्ट्झवर आणल्यावर तुटणं पुष्कळ कमी झालं, हे कबूल. पण जुन्या ॲनालॉग बोर्डवर इफेक्टचं बटण होतं आणि मागे पायाने दाबायच्या स्विचचं सॉकेट पण होतं, तो स्विच मी तेव्हा ३५० रुपयांना आणला होता. ६० हजारांच्या घरातल्या वस्तूला ते देता आलं नाही का? माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे. आवाज सुंदर, प्रीॲम्प शांत, प्रत्येक ऑक्सला वेगळा इक्वलायझर, सगळं मान्य, पण गाणं चालू असताना हाताला काहीतरी घट्ट लागलं पाहिजे.

मॉनिटर ठेवण्याबद्दल थोडं, कारण जागा चुकीची असेल तर रिव्हर्बची चर्चाच फुकट. एसएम५८ कार्डिऑइड आहे, तो बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माईकच्या शेपटीच्या सरळ रेषेत. बेटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड असेल तर सरळ मागे नाही, बाजूला सरकवून, साधारण १२० अंशांवर. बसलेल्या गायकासाठी मॉनिटरची मागची कड लाकडी ठोकळ्याने उचलायची, नाहीतर आवाज डोक्यावरून जातो आणि आपण उगाच वाढवत बसतो. आणि माईकची जाळी मुठीत धरणाऱ्याला आधीच हात जोडून सांगायचं, जाळी झाकली की माईक सगळीकडून ऐकायला लागतो.

मधेच एक आनंदाची गोष्ट. फेब्रुवारीत मी वायरवाला इन-इअर, म्हणजे कानात घालायचा मॉनिटर, करून बघितला. आमच्यात बसून गातात, कुणी स्टेजवर फिरत नाही, मग महागडा वायरलेस कशाला? छोटा हेडफोन ॲम्प, ५ मीटर वायर, बरे इअरफोन, सगळं मिळून ४ हजारांच्या आत. इन-इअरमधला रिव्हर्ब माईकमध्ये परत जातच नाही म्हणजे शिट्टीची भीती शून्य, हवा तेवढा द्या. उलट कोरडा इन-इअर म्हणजे कानात बोळे घालून गाण्यासारखं, तिथे रिव्हर्ब लागतोच. एका नाट्यगीत गाणाऱ्या काकांनी आधी ठाम नकार दिला, मग एकच कान लावून बघितला आणि आता ते तारीख ठरवतानाच "ती वायर आणा" म्हणून फोनवर सांगतात. ब्लूटूथचे इअरफोन मात्र कुणी सुचवले तरी वापरू नका, आवाज इतका उशिरा येतो की गाताच येत नाही.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की डोकं तापतं. गणपतीत, ऐन हंगामात, मिक्सर चालूच होईना. जवळच्या सेंटरने सांगितलं पॉवर सप्लाय गेलाय, इथे होत नाही, मोठ्या शहरात पाठवा. कुरिअर माझं, विमा माझा, आणि वॉरंटी असूनही बिलाच्या झेरॉक्सवर दुकानाचा शिक्का पुसट आहे म्हणून ६ दिवस फाईल अडवली. १७ फोन केले. दुरुस्ती झाली ती फुकटच झाली, पण त्या दिवसांत दोन मोठे कार्यक्रम मी सोडले आणि ते पैसे कोण देणार? बिल घेतल्या घेतल्या स्कॅन करून ठेवा.

हे एवढं लिहून ठेवलं होतं, आज दुपारी एक गोष्ट झाली म्हणून वाढवतोय. मिक्सरच्या मागे मिडीचं (एका यंत्राने दुसऱ्याला वायरीतून हुकूम पाठवायचं) सॉकेट आहे, ११ महिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. एका गिटारवाल्या मित्राकडून जुना मिडी पेडल २,२०० रुपयांना घेतला, दोन तास मॅन्युअल वाचत बसलो आणि इफेक्ट रिटर्नचा म्यूट त्याच्यावर आणला. राउटर बंद करून बघितला, टॅबलेट बंद करून बघितला, पाय दाबला की मॉनिटरचा रिव्हर्ब गप्प, सोडला की चालू. बायकोला माईकवर बसवून दहा वेळा करून बघितलं. आता बटण नाही हा राग थोडा निवळलाय, पण २,२०० मी वरून घातले हेही लिहून ठेवतो.

शनिवारी कवठ्याजवळ भजन आहे, पत्र्याचा मंडप, तीन बाजू उघड्या. पेडल पेटीवाल्यांच्या नाही, माझ्या पायाशी ठेवणार आणि बुवांना थोडासाच देणार, प्लेट, १ सेकंद.