आंबा बागायतदाराच्या हिशेबासाठी ‘आर’: रकान्यांच्या आकडेमोडीचे परीक्षण

रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यातील हापूस बागायतदाराचा हंगामी हिशेब गणित म्हणून अगदी साधा असतो: पेट्यांना दराने गुणायचे, त्यातून वाहतूक, हमाली आणि पॅकिंग वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला पेट्यांनी भागून पेटीमागे हातात काय पडले ते पाहायचे. हे काम बहुतेक ठिकाणी एक्सेलवर चालते. ते ‘आर’ या मोफत सांख्यिकी भाषेत केल्यास काय पदरात पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात घडवलेल्या या भाषेची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. एकदा संगणकावर बसवली की तिला इंटरनेट लागत नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसात नेटवर्क गेलेले असताना शेवटच्या पट्ट्यांचा (विक्रीच्या हिशेबपत्रकांचा) मेळ लावणाऱ्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

‘आर’मध्ये सूत्र तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत भरावे लागत नाही. ‘रक्कम = पेट्या × दर’ असे रकान्यांच्या नावांनी एकदा लिहिले की ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखे लागू होते; सूत्र खाली ओढताना मधली एखादी ओळ सुटण्याचा धोकाच उरत नाही. उलट्या अवतरणचिन्हांत (`) घातल्यास रकान्यांची नावे मराठीतही ठेवता येतात.

परंतु मला या भाषेचा खरा गुण वाटतो तो रिकाम्या जागेबद्दलचा तिचा काटेकोरपणा. समजा, वाशीला ४० पेट्या पाठवल्या आणि दर २,४०० रुपये मिळाला, तर रक्कम ९६,००० रुपये होते. वाहतुकीचे ३,२०० आणि हमालीचे ६०० वजा जाता ९२,२०० रुपये, म्हणजे पेटीमागे २,३०५ रुपये राहतात. आता वाहतुकीचे बिल अजून यायचे आहे, म्हणून तो रकाना रिकामा आहे असे धरा. एक्सेल त्या रिकाम्या जागेला शून्य मानते आणि पेटीमागे २,३८५ रुपये दाखवून मोकळे होते. ‘आर’ मात्र त्या ओळीत ‘एनए’, म्हणजे आकडा उपलब्ध नाही, असे उत्तर देते. व्यवहारात हेच उत्तर बरोबर आहे, कारण न आलेले बिल म्हणजे माफ झालेले बिल नव्हे. बेरजेच्या फंक्शनला, म्हणजे तयार आज्ञेला, ‘एनए.आरएम’ हा पर्याय देऊन अशा जागा वगळता येतात; पण ‘रोसम्स’ने ओळीतील खर्चाची बेरीज करताना तो वापरला, तर न आलेला खर्च पुन्हा शून्यच धरला जातो, म्हणून तो विचारपूर्वक वापरावा.

मराठी वापरणाऱ्याला दोन ठिकाणी अडखळायला होते. ‘९६,०००’ असा स्वल्पविराम असलेला आकडा ‘आर’ मजकूर समजते आणि गुणाकार करण्यास नकार देते. स्वल्पविराम ‘जीसब’ या मजकूर बदलणाऱ्या फंक्शनने आधी काढून टाकावे लागतात. देवनागरी अंकांचेही तेच: त्यांचे संख्येत रूपांतर करू गेल्यास इशाऱ्यासह ‘एनए’ मिळतो. ‘सीएचएआरटीआर’ या फंक्शनने देवनागरीचे दहा अंक इंग्रजी अंकांत बदलले की प्रश्न सुटतो.

एक दोष मात्र गंभीर आहे. दहा ओळींच्या साध्या तक्त्यात दोनच आकडे असलेला रकाना जोडला, तर ‘आर’ तेच दोन आकडे पाच वेळा उगाळून रकाना भरते आणि अवाक्षर काढत नाही. हिशेबाच्या कामात ही मुभा नसावी. ‘टिबल’ या प्रकारच्या तक्त्यात फक्त एकच आकडा असा पसरतो, बाकी वेळी काम थांबते. त्यामुळे मी तोच सुचवेन.

त्याच्याच जोडीला ‘डीप्लायर’ या ‘आर’च्या पूरक संचातील ‘म्युटेट’ हे नवे रकाने काढणारे फंक्शन घ्यावे. त्यात आधी रक्कम काढून त्याच आज्ञेत पुढे निव्वळ रक्कम आणि पेटीमागचा भाव काढता येतो. ‘आर’मधील मूळच्या ‘ट्रान्सफॉर्म’ या फंक्शनमध्ये नव्याने तयार झालेला रकाना त्याच आज्ञेत वापरता येत नाही. ‘डेटा.टेबल’ हा दुसरा पूरक संच याहून वेगवान आहे, कारण तो तक्त्याची नक्कल न करता मूळ तक्त्यातच रकाना बदलते. पण त्यामुळे ‘कॉपी’ हे फंक्शन न वापरता केवळ दुसरे नाव देऊन ठेवलेली प्रतही मूळ तक्त्याबरोबरच बदलते. लाखो ओळी असतील तेथे तो वेग उपयोगी पडतो. एका बागेच्या हंगामाला ‘म्युटेट’ पुरून उरते.