स्फटिक दाबायचा छोटा शिकंजा: चार महिने वापरून
बेरियम-लोह-आर्सेनाइडचा स्फटिक साधारण 140 केल्विनच्या खाली गेला की लोहाचे स्पिन (अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशा) पट्ट्यापट्ट्यांनी लागतात आणि अणूंची चौरस जाळी किंचित लांबट होते. पण स्फटिकाचा काही भाग उभा लांबट होतो, काही आडवा, त्यामुळे मोजमापात नुसती सरमिसळ. या शिकंज्याचा स्क्रू पाव फेरा आवळला, दाबाने भाग एकाच दिशेला लागले आणि दोन दिशांचा विद्युतरोध लख्ख वेगळा दिसला. आखूड बाजूचाच जास्त! मला उलटं वाटलं होतं.

तक्रार एकच, पण मोठी. स्फटिक त्याच्या मूळ कडेशी 45 अंशांत कापून बसवायचा, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. माझा पहिला नमुना सरळ बसवला, काही दिसेना. मग जास्त आवळला आणि तडकला. थंड झाल्यावर पकडही जरा सैल पडते. तरी दुसरा शिकंजा मागवलाय.