एलडीएल वाढलंय: गोळी लगेच सुरू करायची की आधी पथ्य-व्यायाम?

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, वाढलेलं दिसलं की पहिला प्रश्न हाच, स्टॅटिनची गोळी घेऊ का तीन महिने पथ्य करून बघू. माझ्या मते याचं उत्तर आकडा किती आणि बाकीचा धोका किती यावर ठरतं, गोळीची भीती वाटते का नाही यावर नाही.

कोलेस्टेरॉल वाईट नाही, बहुतेक तर आपलं शरीरच बनवतं, पेशींच्या आवरणाला आणि हार्मोन्सना ते लागतं. पण ते वाहून नेणारं एलडीएल रक्तात जास्त झालं की धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथे पांढऱ्या पेशी ते गिळत बसतात, वर्षानुवर्षं थर साचतो आणि दुखत-खुपत काहीच नाही, मग एक दिवस थर फाटतो, वर गुठळी धरते आणि अटॅक येतो.

पथ्याने, म्हणजे लोणी, चरबीवालं मांस कमी, ओट्स-कडधान्यं जास्त, एलडीएल बऱ्याच जणांचं 10-15 टक्के उतरतं. व्यायामाने बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) सुधारतात पण एलडीएल थोडंच हलतं, त्यामुळे रोज पळूनही आकडा तसाच राहिला तर प्लीज खचू नका.

स्टॅटिन लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते, मग लिव्हर रक्तातलंच एलडीएल जास्त ओढून घेतं, 30 ते 50 टक्के उतार पडतो. डोस डबल केला तरी साधारण 6 टक्केच जास्तीचा उतार मिळतो. स्नायू दुखू शकतात, पण औषधाच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारेही जवळपास तेवढीच तक्रार करतात. शुगर किंचित वाढू शकते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगाच.

एलडीएल 190 mg/dL च्या वर, आधी अटॅक किंवा स्ट्रोक झालेला, किंवा चाळिशीनंतर डायबेटिस असेल तर गोळीसाठी थांबू नका, पथ्य सोबत चालू दे. 140-150 आहे, सिगारेट नाही, बीपी-शुगर नॉर्मल, घरात कुणाला कमी वयात अटॅक नाही, तर तीन महिने मनापासून पथ्य करून परत टेस्ट करा.

नुसतं एचडीएल (ज्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात) चांगलं आहे म्हणून निवांत राहू नका, औषधाने ते वाढवून बघितलं तरी अटॅक कमी झाले नाहीत. आणि गोळीने आकडा नॉर्मल आला म्हणून स्वतःच बंद करू नका, काही आठवड्यांत तो परत वर जातो.