सिट्रा हॉप्स, १०० ग्रॅम: आठ महिन्यांनंतर

आधी पाकिटाच्या झिपबद्दल बोलतो. परवा फ्रीजर उघडून बायकोनं विचारलं, "इथे मोजे कोणी ठेवलेत?"

मोजे नव्हते, फेब्रुवारीत मागवलेले हॉप्सचे पेलेट्स होते, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या दाबून केलेल्या गोळ्या. हॉप्सना हवा लागत राहिली की त्यातली कडू आम्लं बिघडतात आणि शिळ्या चीजचा, घामट मोज्यांचा वास सुटतो. झिप दुसऱ्याच आठवड्यात एका कोपऱ्यातून सुटली होती. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "उघडलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही." अहो, न उघडता वापरायचं कसं? दहा रुपयांच्या बडीशेपेच्या पाकिटाची झिप याहून बरी असते!

आम्ही बडोद्याचे, दारूबंदीतले, त्यामुळे बिअरचा प्रश्नच नाही. मी हॉप्सचा सोडा करतो. यीस्ट नाही, आंबवणं नाही, सगळं कायदेशीर.

मार्चमध्ये मी याला दोन तारे दिले होते. ते मागे घेतो, चूक माझीच होती. चहासारखं दहा मिनिटं खळाखळा उकळलं आणि काडेचिराईत प्यायल्यासारखं तोंड झालं. सिट्रा या जातीत अल्फा आम्लं (वर म्हटलेली कडू आम्लं) साधारण ११ ते १३ टक्के, कॅस्केड या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट. उकळलं की ती कडवट होतात आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणजे नको ते राहतं, हवं ते जातं.

आता असं करतो: पाव लिटर पाणी उकळून ७५ अंशांपर्यंत निवू द्यायचं, अर्धं लिंबू पिळायचं (आंबट पाण्यात कडूपणा कमी उतरतो), ३ ग्रॅम पेलेट्स टाकून पंधरा मिनिटं झाकण. पेलेट्सचा पार भुगा होतो, चहाच्या गाळणीचं काम नाही. जुन्या मलमलीतून गाळायचं. गार झालं की ७५० मिली सोडा. उन्हाळ्यात खंडेराव मार्केटातही लिंबांना हात लावता येईना, तेव्हा लिंबू सत्त्वाची चिमूट टाकली. इथे त्याला 'लिंबूना फूल' म्हणतात. चवीत फरक कळला नाही, पैशांत कळला.

वास मात्र काय सांगू! पपनस, लिची, मागून केसर आंब्याच्या सालीचा झटका. सासरेबुवा दोन ग्लास पिऊन "यात नक्की काही नाही ना?" असं तीनदा विचारून गेले.

हिशेबानं १०० ग्रॅमात तेहतीस बाटल्या व्हायला हव्या होत्या. झाल्या वीस. उरलेले ४० ग्रॅम झिपेनं खाल्ले. ते कुंडीतही टाकता येईनात, कारण कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात आणि सोसायटीचा काळू सगळं हुंगतो.

दुसरं पाकीट त्याच विक्रेत्याकडून मागवलं, दुसरीकडे सव्वापट भाव होता. आलं त्याच दिवशी दहा-दहा ग्रॅमच्या चंदेरी पुड्या केल्या, हवा दाबून काढली आणि मुलीच्या हेअर स्ट्रेटनरनं तोंडं चिकटवली. तिला अजून सांगितलेलं नाही.