दिल्ली–आग्रा–जयपूर: गाइडसह बस टूर, भाड्याची गाडी की रेल्वे?

दिल्ली, आग्रा आणि जयपूर चार-पाच दिवसांत बघायचं तर पर्याय तीनच आहेत. टूर कंपनीची गाइडसह बस, ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, नाहीतर रेल्वेने शहर गाठून पुढे रिक्षा-टॅक्सी. घरात चर्चा सुरू होते ती पैशांवरून. पण सहल चांगली झाली की नुसती दमछाक झाली, हे ठरतं दुसऱ्याच दोन गोष्टींवर: दिवसातले किती तास प्रत्यक्ष वास्तूत जातात, आणि वाहन जिथे थांबतं तिथून पुढचा शेवटचा किलोमीटर कोण सांभाळतं.

आधी अंतरं बघू. दिल्ली ते आग्रा यमुना एक्स्प्रेसवेने साधारण 230 किलोमीटर, आग्रा ते जयपूर 240, जयपूर ते दिल्ली 270 ते 280. गाडीने हे टप्पे चार ते साडेपाच तासांत होतात. बसला दर टप्प्याला किमान तासभर जास्त धरा. बस हळू चालते म्हणून हा तास जात नाही. चाळीस माणसांच्या बॅगा खाली येणं, डोकी मोजणं, कोणीतरी खोलीत चार्जर विसरणं, चहाच्या थांब्यावर स्वच्छतागृहाची रांग, यात तो जातो. सकाळी सातला निघायचं लिहिलेलं असेल तर चाकं फिरायला साडेसात होतात, आणि त्यात टूर मॅनेजरची चूक नसते.

बस कुठे भारी पडते

बसची खरी किंमत वसूल होते ती पार्किंगनंतर. ताजमहालापासून 500 मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलची वाहनं सोडत नाहीत. पूर्व दरवाजाकडून जायचं तर शिल्पग्रामला उतरून बॅटरीच्या गाडीने किंवा पायी पुढे जावं लागतं. फतेहपूर सिक्रीलाही वाहन खालीच राहतं आणि वर शटल बसने जावं लागतं. जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावर मोठी बस चढत नाही, खालून जीप करावी लागते. या तिन्ही जागी 'लपके' उभे असतात. आग्रा-जयपूरकडे पर्यटकांना गाठणाऱ्या दलालांना हाच शब्द आहे. 'आज हा दरवाजा बंद आहे', 'बॅटरीची गाडी आज नाही', 'मी सरकारी गाइड आहे' ही त्यांची ठरलेली वाक्यं. ग्रुपसोबत मॅनेजर असला की ते फिरकत नाहीत. दोघंच असलात, त्यातून ज्येष्ठ असलात आणि हिंदीत घासाघीस करायचा कंटाळा असेल, तर एवढ्या एका कारणासाठी बस घ्यावी.

मराठी कंपनीच्या बसमध्ये टूर मॅनेजर आणि गाइड ही दोन वेगळी माणसं असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मॅनेजर मुंबई-पुण्याहून तुमच्याबरोबर येतो. त्याचं काम खोल्या, जेवण आणि हजेरी. इतिहास सांगणारा गाइड मात्र प्रत्येक शहरात स्थानिक असतो, आणि तो हिंदीत बोलतो. बुकिंग करताना 'प्रत्येक शहरात परवानाधारक गाइड आहे का, की मॅनेजरच माहिती सांगणार' असं सरळ विचारा. ओळखपत्र गळ्यात असलेला गाइड आणि बसच्या माइकवरून वाचून दाखवणारा मॅनेजर यांत फार फरक पडतो.

मराठी ग्रुपचा आणखी एक फायदा आहे. आग्रा किल्ल्यात 12 मे 1666 रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराज उभे राहिले, आणि पुढे 17 ऑगस्टला नजरकैदेतून निसटले. हा प्रसंग दिल्लीहून भरलेल्या मिश्र ग्रुपच्या बसमध्ये दोन वाक्यांत उरकतात. मराठी ग्रुपचा गाइड दिवाण-ए-खासपाशी थांबतो, आणि किल्ल्यासमोरच्या महाराजांच्या पुतळ्यापाशी उतरायलाही वेळ देतात. जयपूरला हाच धागा पुढे नेता येतो. 1665 मध्ये पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह आमेरचेच. तिथला शीशमहाल त्यांच्याच काळातला. गाइडला आधी सांगून ठेवलं तर तो हे जोडून दाखवतो, न सांगितल्यास आरशांत मेणबत्ती कशी दिसते एवढंच दाखवून पुढे निघतो.

बस कुठे कमी पडते

वेळ. ताजमहालाचं तिकीट तीन तास चालतं, आणि शिस्तीत बघायचं तर तेवढे लागतातही. बसच्या कार्यक्रमात 'ताजमहाल दर्शन' असं लिहिलेलं असतं. त्यातून बॅटरीची गाडी, पुरुष-स्त्रियांच्या तपासणीच्या वेगळ्या रांगा आणि ग्रुप फोटो वजा केला की हातात दीड तास उरतो. चबुतऱ्यावर चढून मुख्य समाधीत जायचं तर भारतीयांना 50 रुपयांच्या तिकिटावर आणखी 200 रुपयांचं तिकीट लागतं. काही कंपन्या पॅकेजमध्ये फक्त 50 चंच धरतात आणि गेटवर 'वरचं तुमचं तुम्ही' म्हणतात. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तरी मुलांच्या पॅकेजमध्ये 'प्रवेश शुल्क' धरलेलं दिसलं तर विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानं. आग्र्यात संगमरवराचं, जयपुरात रजया-कापड आणि खड्यांचं. कार्यक्रमात याला 'हस्तकला केंद्राला भेट' म्हणतात, त्यात पाऊण ते एक तास जातो आणि विक्रीवर कमिशन असतं. भेट टळत नाहीच, निदान माल ओळखा. दुकानदार टॉर्च लावून उजेड आरपार येतो हे दाखवतो आणि 'हा खरा मकराणा', म्हणजे राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर, असं म्हणतो. उजेड मकराण्यातून येतो हे खरं, पण तो अलाबास्टर या मऊ दगडातूनही येतो. त्यापेक्षा वस्तूच्या तळाशी, पॉलिश नसलेल्या जागी, नखाने ओरखडा काढून बघा. संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही. सोपस्टोन आणि अलाबास्टरवर उठतो. पच्चीकारीची, म्हणजे दगडात रंगीत खडे बसवलेली, ताटली बघताना बोट फिरवा: खडा कोरून बसवलेला असेल तर सांधा हाताला लागत नाही, रंग भरलेला असेल तर कडेला चिकटाचा उंचवटा जाणवतो.

तिसरी गोष्ट सीटची. मागच्या चाकांच्या मागे येणाऱ्या दोन-तीन रांगांत गचके जास्त बसतात. पाठीचा त्रास असलेल्यांनी 'सीट रोज बदलतात की पहिल्या दिवशी मिळेल ती शेवटपर्यंत' हे आधी विचारावं. रोज बदलणारी पद्धत न्याय्य, पण मग पुढची सीट मागून घेण्याचा हक्क राहत नाही, हेही मान्य करावं लागतं.

भाड्याची गाडी: हिशेब असा मांडा

बाहेरगावच्या गाडीचं बिल बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 250 किलोमीटर धरून होतं. या फेरीत मुख्य रस्ता 750 किलोमीटरच्या आसपास, शहरातली फिरती धरून 900 ते 950. चार दिवसांचे किमान 1000 होतात, म्हणजे जयपुरात गाडी दिवसभर उभी ठेवलीत तरी पैसे तेवढेच. समजा सहा-सात जणांच्या गाडीला किलोमीटरमागे 18 रुपये ठरले, तर 18 हजार, वर ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग. चार जणांत हे वाटलं की बसच्या वाहतुकीच्या वाट्याशी फारसा फरक उरत नाही. सहा जणांत गाडी स्वस्तच पडते. दोघांना मात्र महाग.

ठरवताना तीन प्रश्न पुरतात. गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का? नसेल तर उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या हद्दीवरचा कर तुमच्या माथी येतो. गाडी सीएनजीवर आहे का? असेल तर सेदानच्या डिकीत सिलिंडर असतो आणि जेमतेम एक बॅग मावते. चार माणसं आणि चार बॅगा घेऊन दिल्ली विमानतळावर उभं राहिल्यावर हे कळणं त्रासदायक. तिसरा प्रश्न परतीचा. सहल जयपूरला संपवून तिथूनच विमानाने मुंबई-पुण्याला आलात तर जयपूर–दिल्लीचा अर्धा दिवस वाचतो, पण रिकाम्या गाडीचं दिल्लीपर्यंतचं भाडं बहुधा तुम्हालाच लागतं. तरी आमच्या मते हा सौदा घ्यावा. अर्धा दिवस आमेरच्या वर असलेल्या जयगडाला आणि तिथल्या जयबाण तोफेला मिळतो, आणि बसवाल्यांच्या यादीत जयगड क्वचित असतो.

गाडीचा सगळ्यात मोठा लाभ आग्रा–जयपूर टप्प्यावर. वाटेत फतेहपूर सिक्री येतंच. त्यापुढे महामार्गापासून थोडं आत आभानेरी गाव आहे आणि तिथे चांद बावडी, खाली उतरत जाणाऱ्या हजारो पायऱ्यांची. वाकडी वाट आणि बघणं मिळून दीड तास. बस इथे वळत नाही, कारण चाळीस जणांचे दीड तास अडीच होतात आणि जयपूरला पोचायला रात्र होते. गाडी असून आभानेरी वगळणं म्हणजे गाडीचे पैसे वाया घालवणं.

गाइड मात्र गाडीबरोबर येत नाही. ड्रायव्हर 'माझ्या ओळखीचा आहे' म्हणतो तो शक्यतो घेऊ नका. दुकानाची फेरी त्याच्याबरोबर ओघाने येते. परवानाधारक गाइड तिकीटखिडकीजवळ मिळतो. किती तास आणि कोणकोणत्या वास्तू हे ठरवून, 'दुकान नाही' हे आधीच बजावून मग आत जा.

रेल्वे

फक्त ताज बघायचा असेल तर रेल्वेला तोड नाही. हजरत निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमारास सुटणारी गतिमान एक्स्प्रेस शंभर मिनिटांत आग्रा कँटला पोचवते, आणि संध्याकाळी तीच परत आणते. बसने एका दिवसात आग्रा करून येणाऱ्या सहलींत आठ-नऊ तास रस्त्यावरच जातात. त्या कोणी घेऊ नयेत.

तीन शहरं जोडायची म्हटली की रेल्वे अडते ती आग्रा–जयपूरमध्ये. गाड्या आहेत, पण सोयीच्या वेळेच्या मोजक्या, आणि फतेहपूर सिक्रीसाठी वेगळी टॅक्सी करावी लागतेच. सामान घेऊन दर शहरात हॉटेल ते स्टेशन करणं तरुणांना जमतं, गुडघेदुखीवाल्यांना नाही.

ऋतू आणि वार

नाताळच्या सुट्टीत जायचा बेत बहुतेकांचा असतो, आणि धुकंही तेव्हाच सर्वांत दाट. रेल्वेगाड्या काही तास उशिरा धावतात, यमुना एक्स्प्रेसवेवर वेगमर्यादा खाली आणतात, आणि सूर्योदयाचा ताज म्हणून पहाटे उठलेल्यांना समोर पांढरा पडदा दिसतो. या दिवसांत दहा-साडेदहानंतरचाच ताज ठरवा. गाडी असेल तर निघणं दोन तास पुढे ढकलता येतं. बसचा कार्यक्रम त्या दिवशी सगळाच कोलमडतो आणि कात्री लागते ती वास्तूंना, जेवणाला नाही. फेब्रुवारी सर्वांत चांगला. मुलांच्या परीक्षा आड येतात, तो भाग वेगळा.

दिल्लीत अक्षरधाम यादीत असेल तर आणखी एक. आत मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. त्यामुळे ग्रुपने भेटायची जागा आणि वेळ आत शिरण्याआधी ठरवावी. नाहीतर बस चुकलेल्यांना शोधण्यात तासभर जातो.

पैसे भरण्याआधी छापील कार्यक्रमाशेजारी कॅलेंडर ठेवा. कार्यक्रमात 'दिवस पहिला, दिवस दुसरा' असं असतं, वार लिहिलेले नसतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, गतिमानही त्या दिवशी धावत नाही. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद. गुरुवारी दिल्लीहून सुरू होऊन दुसऱ्या दिवशी आग्र्याला जाणाऱ्या टूरमध्ये ताज शुक्रवारवर पडतो. अशा वेळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून 'ताज दर्शन' घडवून शनिवारी सकाळीच जयपूरला निघणारे कार्यक्रमही असतात. मेहताब बागेतून संध्याकाळचा ताज सुरेख दिसतो, पण तो नदीपलीकडून. शनिवारी ताज उघडल्यावर आत नेणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या, आणि ते मिळत नसेल तर बुधवारी सुटणारी बस निवडा.