फॉर्म्युला वनचं ‘ड्रायव्हर ऑफ द डे’ व्होटिंग: पाचपैकी साडेतीन

रेटिंग आधीच सांगून टाकतो, साडेतीन स्टार, आणि तेही आज मूड बरा आहे म्हणून. कधी रिझल्ट बघून पाच द्यावेसे वाटतात आणि कधी मोबाइल गादीवर आपटावासा वाटतो (फरशीवर नाही, हप्ते चालू आहेत).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेस शेवटाकडे आली की फॉर्म्युला वनच्या वेबसाइटवर व्होटिंग उघडतं, ड्रायव्हरांची यादी येते, एकाच्या नावावर टॅप करायचं, झालं. फुकट आहे. रेस संपल्यावर थोड्या वेळात कळतं कोण जिंकला आणि पहिल्या पाचांना किती टक्के मतं पडली. पॉइंट मिळत नाहीत, चॅम्पियनशिपला काही फरक पडत नाही, नुसता मान. म्हणजे आपल्याकडे कीर्तन संपल्यावर बुवांना नारळ देतात ना, तसं.

हे सुरू झालं २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ग्रांप्रीपासून आणि पहिलाच निकाल एकदम झकास होता. हास ही टीम नवीकोरी, त्यांची आयुष्यातली पहिली रेस, त्यांचा ड्रायव्हर रोमां ग्रोजां ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, १९ वा. अशी टीम पहिल्या दिवशी गाडी शाबूत घेऊन परत आली तरी पेढे वाटायचे असतात, आणि हा पठ्ठ्या सहावा आला. मधे अलोन्सोचा मोठा अपघात होऊन रेस थांबली तेव्हा टायर बदलायचं फुकटात साधलं (एरवी त्यात वेळ जातो) हे खरं, पण पुढचे सगळे लॅप, म्हणजे फेऱ्या, त्याच टायरवर काढले ना त्याने. लोकांनी त्यालाच निवडलं. तेव्हा मला वाटलं की अरे वा, ही सर्व्हिस आपल्यासारख्यांसाठी आहे, जे पहिल्या दोघांना सोडून मागच्या गाड्यांकडे बघत बसतात.

मग हळूहळू गडबड कळायला लागली. यादीच्या वर कुठेही लिहिलेलं नाही की मत नेमकं कशाला द्यायचं. सगळ्यात भारी चालवली त्याला? सगळ्यात आवडतो त्याला? का ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती आणि तोच तोंडात बोट घालायला लावून गेला, त्याला? प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो आणि फॅन ज्याचे जास्त त्याचं पारडं जड. पोलवरून, म्हणजे रांगेत सगळ्यांच्या पुढून निघाला, पहिला आला, मधे कोणी आरशातसुद्धा दिसलं नाही, आणि हाच ड्रायव्हर ऑफ द डे. अरे त्याला मोठा कप दिलाय की, शॅम्पेन दिलीय, अजून किती द्यायचं.

दुसरी भानगड म्हणजे निरोप समारंभ. २०२२ ला अबू धाबीला वेटेलची शेवटची रेस, दहावा आला, मान त्याला. २०२४ ला सिंगापूरला रिकार्डो १८ वा आला, शेवटी शेवटी नवे टायर टाकून सगळ्यात फास्ट लॅप मारला, आणि मान त्याला. आता खरं सांगतो, वेटेलला मीपण मत दिलं होतं आणि रिकार्डोचा तो रेसनंतरचा चेहरा बघून माझ्यापण घशात आवंढा आला होता. पण ही वर्गणी झाली, निवड नाही झाली. ऑफिसात रिटायर होणाऱ्याला त्या महिन्याचा बेस्ट एम्प्लॉयी करतात त्यातला प्रकार. याचा अर्धा स्टार कापला. उरलेला एक, मत द्यायला रेस संपायच्या आधीच सुरुवात होते त्याचा, कारण शेवटच्या दोन लॅपमध्ये कोण काय करेल सांगता येत नाही आणि निम्म्या लोकांनी मत देऊन चहा टाकलेला असतो.

म्हणून आमच्या सहा जणांच्या ग्रुपने स्वतःचं वेगळं काढलंय. नाव ‘अरे वा’. नियम साधा आहे, रेस सुरू व्हायचे लाल लाइट विझायच्या आधी प्रत्येकाने लिहून टाकायचं की कोण कितवा येईल, रेस झाली की अंदाज आणि निकाल यातला फरक काढायचा, ज्याने सगळ्यात जास्त फरकाने आपल्याला खोटं पाडलं तो अरे वा. फॅन असण्याचा प्रश्नच नाही, कारण आधी लिहिलेलं बदलता येत नाही.

पण यातही घोळ होताच. आमच्यातल्या एकाने जुन्या रेस लावून हिशोब केला तर २००५ ची इंडियानापोलिसची रेस वर आली. नारायण कार्तिकेयन, जॉर्डनची गाडी, चौथा! एफवनमध्ये पॉइंट घेणारा पहिला भारतीय, आपल्याला अभिमान आहेच, पण त्या दिवशी मिशलिन टायरवाल्या सगळ्या टीम वॉर्म-अप लॅप मारून पिटमध्ये (ट्रॅकबाजूला टायर बदलायची जागा) निघून गेल्या होत्या आणि रेसला उरल्या होत्या सहा गाड्या. सहात चौथा. तेव्हापासून जे बाद झाले, थांबले, त्यांचे नंबर आम्ही वजा करतो. याउलट २००९ चं स्पा घ्या, फोर्स इंडिया, तोपर्यंत त्या टीमचा एकही पॉइंट नाही, आणि फिसिकेलाने थेट पोल मारला न् रेसमध्ये दुसरा आला, रायकोनेनच्या मागे एक सेकंदसुद्धा नाही. तेव्हा हे व्होटिंग असतं तर भारतातून सर्व्हर बसला असता.

अधिकृत व्होटिंगने ज्या वेळी बरोबर माणूस पकडलाय ते बघितलं की मात्र मला सगळी चिडचिड विसरायला होते. २०२० चं मोंझा, पियेर गास्ली. आदल्या वर्षी रेड बुलने सीझनच्या मध्यातच त्याला खालच्या टीममध्ये पाठवलेलं, म्हणजे भर वर्गात बाकावरून उठवून मागे बसवलं तसं. दहाव्या नंबरवरून निघाला, सेफ्टी कार (ट्रॅकवर गडबड झाली की सगळ्यांना हळू करणारी गाडी) यायच्या जरा आधी पिट करून बसला होता म्हणून वर आला, हॅमिल्टनला पेनल्टी लागली, नशीब आहेच. पण मग शेवटी सायन्झ मागून येत होता, आणि त्याला अर्ध्या सेकंदाच्या आत धरून ठेवून रेस जिंकणं हे नशीब नाही. मी शेवटचे तीन लॅप उभा राहून बघितले, बायको म्हणाली बस की रे, त्याला दिसणारे का तू उभा आहेस.

२०२४ जेद्दाहला ऑली बेअरमन. सायन्झला अपेंडिक्स झालं, शुक्रवारी या पोराला सांगितलं की फेरारीत बस. वय १८. त्याच वीकेंडला तो एफटूला, म्हणजे एफवनच्या खालच्या गटात, पोल मारून बसलेला, ते सोडून इकडे आला, एका प्रॅक्टिसवर क्वालिफाय, अकरावा, आणि रेसला सातवा, मागे नॉरिस आणि हॅमिल्टन. माझ्या अंदाजपत्रकात तो सोळावा होता. लोकांनी भरभरून दिलं आणि योग्य दिलं.

पण एक केस अशी आहे की तिच्यामुळे माझा स्वतःच्याच ‘अरे वा’वरचा विश्वास जरा हलला. २०२२ मोंझा, निक डी व्रीस. तिथेही अपेंडिक्सच (या खेळात बदली ड्रायव्हरचं करिअर दुसऱ्याच्या पोटावर चालतं), आल्बनच्या जागी विल्यम्समध्ये बसला, तोही शुक्रवारी दुसऱ्याच टीमची गाडी चालवून. नववा आला, दोन पॉइंट, ड्रायव्हर ऑफ द डे, आम्ही सगळे नाचलो. पुढच्या वर्षी त्याला आल्फाटॉरीत कायमची जागा मिळाली आणि दहा रेसमध्ये शून्य पॉइंट, मग काढला. त्याच्या जागी आला कोण, तर रिकार्डो, ज्याला पुढे सिंगापूरला आपण वर्गणी काढून निरोप दिला. म्हणजे एका दिवसाचं कौतुक हे एका दिवसाचंच असतं आणि नावातच ‘ऑफ द डे’ आहे हे त्या टीमवाल्यांनी वाचलं नसावं.

आता २०२५ चं सिल्व्हरस्टोन. ६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी. घरात साबुदाणा खिचडी, टीव्हीवर आईचं पंढरपूर, बाबांच्या मोबाइलवर एजबॅस्टन (तीही मॅच आपण त्याच दिवशी मारली, ३३६ रनांनी), आणि माझ्या लॅपटॉपवर साडेसातला रेस. पाऊस तिकडे पण आणि आमच्याकडे पण. निको हुल्केनबर्ग, सॉबर, ग्रिडवर १९ वा. हा माणूस २०१० पासून एफवनमध्ये आणि २३८ रेसमध्ये एकदासुद्धा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, नाही. चांगला ड्रायव्हर हे सगळे म्हणायचे, पण पाहुण्यांनी ‘स्थळ चांगलं आहे’ म्हणून निघून जावं तसं. आमच्या सहाही जणांनी त्याला बारावा ते सतरावा यात कुठेतरी लिहिलेलं.

पाऊस वाढायच्या जरा आधी येऊन नवीन इंटर (ओलसर ट्रॅकचे) टायर लावून गेला, मग ट्रॅक सुकायला लागल्यावर घाई नाही केली, एक लॅप जास्त थांबला. भोवती लोक घसरत होते, वेरस्टाप्पन सुद्धा गर्रकन फिरला, आणि हा आपला पीएमटीचा जुना ड्रायव्हर चालवतो तसा निवांत. स्ट्रोलला मागे टाकलं, मग हॅमिल्टन मागे लागला, घरचं मैदान, फेरारी, आम्हाला वाटलं आता गेला. नाही गेला. तिसरा. २३९ वी रेस.

त्या दिवशी अधिकृत व्होटिंग आणि आमचं अरे वा दोन्हीकडे एकच नाव आलं. ग्रुपवर कोणी काही लिहिलंच नाही पाच मिनिटं, मग एकाने नुसतं ‘माउली’ टाकलं.

मी ओरडलो म्हणून आई टीव्हीसमोरून उठून बघायला आली. तिला सांगितलं की हा पंधरा वर्षं खेटे घालत होता, आज पहिल्यांदा कप मिळाला. तिने नीट बघितलं. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला ट्रॉफ्या लेगोच्या बनवल्या होत्या. म्हणाली, एवढी वर्षं घासली बिचाऱ्याने, आणि दिला तो प्लॅस्टिकचा?